दर्जा तीन, खोली नऊ

“सर, संपलं,” फरशीवाला म्हणाला, आणि रिकामे घमेले त्याने दारातून असे पुढे धरले, की आत काही उरले असलेच तर ते शोधून दाखवण्याची जबाबदारी आता सरांची.

गुरुवार होता, सकाळचे साडेअकरा वाजले होते, आणि ज्याला फरशीवाला सर म्हणत होता तो टेबलाशी बसून वर्तमानपत्रातले मुद्रणदोष लाल पेन्सिलीने टिपत होता. हे काम त्याला कोणी सांगितलेले नव्हते. पण शब्दकोशाच्या कचेरीत ज्याने एकतीस वर्षे दुसऱ्यांच्या नोंदी तपासल्या, त्याला निवृत्तीनंतरही चुका दिसायच्या थांबत नाहीत. नोकरी सुटते, खोड सुटत नाही. “काय संपलं?” त्याने मान वर न करता विचारले. “ग्राउट. दुसरं काय संपणार? माझा धीर आहे अजून थोडा,” फरशीवाला म्हणाला. तेव्हा त्याला उठावेच लागले. न्हाणीघर लहानच होते, आठ फूट लांब आणि जेमतेम सव्वापाच फूट रुंद. लांबीची एक भिंत भरून झाली होती आणि देखणी भरून झाली होती: पांढऱ्या चौकोनी लाद्यांमधून राखाडी रेघा आखल्यासारख्या गेल्या होत्या, कुठे ओघळ नाही, कुठे डाग नाही. शेजारच्या आखूड भिंतीवर त्याच रेघा ऐटीत निघून मधोमध येऊन थांबल्या होत्या, आणि पुढे नुसत्या उघड्या फटी, काळ्या, रिकाम्या, दात पडलेल्या तोंडासारख्या. समोरच्या भिंतीला हात लागलेला नव्हता. आणि जमीन, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती तर जशीच्या तशी उघडी पडली होती. “तीन किलो संपलं?” त्याने विचारले. “तीन किलो आणलंत, तीन किलो संपलं. मी काय घरी नेऊन खाल्लं नाही.” “हिशेबाने दीडशे ग्रॅम उरायला हवं होतं.” फरशीवाल्याने घमेले खाली ठेवले आणि त्याच्याकडे जरा निरखून पाहिले. “दीडशे ग्रॅम! सर, आपण फटी भरतोय. डोळ्यात औषध नाही घालत.”

त्याला हसू आले नाही. रविवार तीन दिवसांवर होता, आणि रविवारी बायको परत यायची होती. किंवा यायची नव्हती. पाच महिन्यांपूर्वी ती याच न्हाणीघरात घसरून पडली, खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली आणि इस्पितळातून ती घरी न येता थेट आपल्या बहिणीकडे गेली. बहिणीचे घर तळमजल्यावर आहे, असे कारण तिने सांगितले होते. इथे उद्‌वाहक होता, तेव्हा तळमजल्याचा प्रश्न नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होते. पण एवढ्या वर्षांच्या संसारात दिलेले कारण आणि खरे कारण यांच्यामधली जागा झाकून ठेवायची रीत दोघांच्याही अंगवळणी पडलेली होती. ती मुलींच्या शाळेत तीस वर्षे गणित शिकवत होती. निरोप पाठवतानाही ती अटी क्रमाने घालत असे. “दोन गोष्टी झाल्या की येते,” ती म्हणाली होती. “एक, ती फरशी बदल. घसरणार नाही अशी घाल. आणि दोन, मी तुला विचारलेला आकडा मला नीट सांग.” पहिली गोष्ट अवघड नव्हती. दुसरी गोष्ट त्याच्या मते केव्हाच होऊन गेली होती, कारण आकडा त्याने दिला होता. तू किती वेळाने आलास, असे तिने इस्पितळात विचारले, आणि तो म्हणाला, दहा मिनिटं असतील. पंधरवड्याने तिने पुन्हा विचारले, तो पुन्हा दहा म्हणाला. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा ती फक्त “करून बघ परत” एवढेच बोलली, आणि तिने ज्या सुरात ते म्हटले त्या सुरात तीस वर्षांत हजारो मुलींनी आपली वही परत घेतली असेल. उत्तर चुकले असे ती कधीच म्हणत नसे. ती वाट पाहत असे.

म्हणून हे न्हाणीघर चुकायला नको होते. निदान एक उत्तर तरी तिच्यापुढे असे ठेवायचे होते की ज्यावर लाल रेघ ओढायला जागा मिळू नये. अंदाज हा शब्द त्याला कधीच रुचलेला नव्हता. अंदाज म्हणजे अज्ञानाने लग्नाकार्याला जाताना घातलेला इस्त्रीचा सदरा, असे तो कचेरीत म्हणे, आणि सहकारी आदराने हसत आणि पाठ वळली की त्याला ‘अनुस्वार’ म्हणत, कारण कुणाच्याही डोक्यावर जाऊन बसायची त्याला सवय होती. तेव्हा लाद्या बसवून झाल्यावर त्यांच्यामधल्या फटी भरायला राखाडी भुकटी किती लागेल, हे त्याने अंदाजाने नाही, सूत्राने काढले. सूत्र पाकिटाच्या पाठीवरच छापलेले होते, दोन मुद्रणदोषांसह. लादीची लांबी आणि रुंदी यांची बेरीज करा, त्यांच्या गुणाकाराने भागा, फटीच्या रुंदीने गुणा, फटीच्या खोलीने गुणा, वर एक पूर्णांक सहा दशांशाने गुणा. जे येईल ते एका चौरस मीटरला लागणारे किलो. लादी वीस सेंटिमीटर चौरस. फटीची रुंदी तीन मिलिमीटर. खोली किती, हे पाहायला त्याने जमिनीवर पडलेला प्लास्टिकचा एक छोटा फुलीसारखा तुकडा उचलला. दोन लाद्यांमध्ये सारखे अंतर राहावे म्हणून फरशीवाले तो खोचून ठेवतात. तुकडा फटीत अगदी बरोबर बसला, वरून पाहता फट त्याने भरून गेल्यासारखी दिसली. तुकड्याची जाडी त्याने मोजपट्टीने मोजली. तीन. दार आणि खिडकी वजा जाता अठरा चौरस मीटर. उत्तर दोन किलो सहाशेच्या आत आले. नासधूस म्हणून त्यात दहावा हिस्सा मिळवला, तर दोन किलो साडेआठशे. तीन पाकिटे. हा दहावा हिस्सा त्याने मिळवला तेव्हा आपण जगाशी किती उदार वागतो आहोत असे वाटून त्याला जरा बरे वाटले होते.

दुकानातल्या बाईंनी तेव्हाच विचारले होते. “तीनच? कुणी सांगितलं तीन?” “मी काढलं.” “मिस्त्रीने नाही सांगितलं?” “मिस्त्रीने नाही.” “बघा हं. या लॉटची बारा पाकिटं आहेत. नेऊन ठेवा, उरलं तर परत आणा, मी काही खायला उठत नाही. नंतर आलात तर हा रंग मिळेल, पण हाच नाही मिळणार.” हा रंग मिळेल, पण हाच नाही: एका ‘च’वर केवढे ओझे टाकले होते त्या बाईंनी! घरी आल्यावर त्याने ते वाक्य जुन्या सवयीने एका कार्डावर उतरवून ठेवले, ‘च’च्या अर्थच्छटेचे उत्तम उदाहरण म्हणून. पाकिटे मात्र तीनच आणली. वाक्याचे सौंदर्य कळले की त्यातले सांगणे ऐकायची गरज उरत नाही, असा काही विद्वानांचा समज असतो. तो त्यांतला होता.

“आणि तुम्हाला चिठ्ठी दिली होती ना मी?” फरशीवाला आता उंबऱ्यावर बसून गुडघे चोळत होता. “त्या दिवशी, लाद्या बसवून झाल्या तेव्हा. खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून दिलं होतं सगळं.” चिठ्ठी होती. फेकून द्यायचा त्याचा स्वभाव नव्हता. लिहिलेले काहीही तो जपून ठेवी आणि त्यातले फार थोडे वाचे. त्याने ती आणली. “वाचा,” फरशीवाला म्हणाला. त्याने वाचले: “वीस गुणिले वीस. दर्जा तीन. खोली नऊ. राखाडी.” “मग? यात काय नाही?” “मला वाटलं, हे दुसऱ्या कुणाच्या कामाचं आहे. नऊ नंबरची खोली.” फरशीवाल्याने क्षणभर त्याच्या तोंडाकडे पाहिले, मग चिठ्ठीकडे, आणि मग तो असा हसत सुटला की त्याला भिंतीला हात टेकावा लागला; आणि हसता हसताही तो हात त्याने भरलेल्या भिंतीला लागू दिला नाही. “नऊ नंबरची खोली! अहो, हे घर आहे की लॉज? खोली म्हणजे किती खोल ते! लादी नऊ मिलिमीटर जाड, तर मधली फट नऊ मिलिमीटर खोल. लहान मूलही सांगेल.” “आणि दर्जा तीन?” “तुम्हाला काय वाटलं?” “तिसऱ्या दर्जाचं काम, असं.” आता मात्र फरशीवाल्याचे हसू मावळले. “माझं काम? तिसऱ्या दर्जाचं? आणि ते मीच लिहून देईन तुमच्या हातात?” “नाही, म्हणजे…” “दरज हो सर, दरज! दोन लाद्यांमधली फट. एक दरज, चार दरजा. तीन मिलिमीटरच्या दरजा. आमच्यात सगळे हेच म्हणतात.” “पण तुम्ही इथे रफार दिलाय.” “दिला असेल. रफार देऊन फट बुजते का?” त्याने चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली. खरे म्हणजे चिठ्ठी दुसऱ्या कुणाची आहे, किंवा ‘दर्जा तीन’ हा कामाबद्दलचा शेरा आहे, असेही त्याला तेव्हा वाटलेले नव्हते. ‘गिऱ्हाइकाचा दर्जा’ असे त्याने मनात पूर्ण केले होते, त्या अपमानात दोन दिवस घुसमटून काढले होते, आणि विचारले मात्र नव्हते. विचारणे म्हणजे आपल्याला माहीत नसल्याची सहीशिक्क्यानिशी कबुली. ती त्याने कुणालाच कधी दिलेली नव्हती.

‘खोली’ ही नोंद त्याची होती. कोशाच्या दुसऱ्या खंडात, उजवीकडच्या पानावर, वरून चौथी. राहण्याची खोली आणि पाण्याची खोली हे एकाच शब्दाचे दोन अर्थ की दोन वेगळे शब्द, यावर त्याने मुख्य संपादकांशी दोन महिने वाद घातला होता, अकरा पानांचे टिपण लिहिले होते, आणि जिंकला होता. तेव्हापासून त्या कोशात दोन खोल्या वेगवेगळ्या नांदत होत्या. एवढे करून त्याच शब्दाने पुठ्ठ्याच्या तुकड्यावर पेन्सिलीने लिहून त्याला गाठले, तेव्हा तो त्याला ओळखू आला नाही. ‘दरज’ तर कोशाच्या वाट्याला कधी आलीच नाही. काम ‘थ’पर्यंत पोचले आणि एका सकाळी, कुणाही लेखनिकाला जमावे इतक्या सपाट भाषेत, प्रकल्प स्थगित करण्यात येत असल्याचे पत्र आले. पत्रात तीन वाक्ये होती आणि दोन चुका. ‘द’च्या कार्डांचे लाकडी खण दोन हमालांनी उचलून नेले. कुठे नेता, असे त्याने विचारले, तर पुढचा हमाल म्हणाला, “वाट सोडा.” इतका नेमका आणि सर्वसमावेशक निरोप त्याला कुठल्याच समारंभात मिळाला नसता. त्या खणांमध्ये कुठेतरी दरज असेल, कुणा संकलकाने कुणा गवंड्याच्या तोंडून टिपलेली, अवतरणासह, तारखेसह. माणसांच्या एका अख्ख्या जातीला तोंडपाठ असलेला शब्द. आणि भाषेचा मालक म्हणून मिरवणाऱ्याला तो भेटला, तर त्याने त्याच्या डोक्यावरचा रफार तेवढा पाहिला. त्याला राग आला, पण तो कुणावर काढावा हे ठरेना, आणि थकलेल्या माणसाचा राग जसा कुठेही न जाता जागच्या जागी निवतो तसा तो निवला. “सहा पाकिटं आणा अजून,” फरशीवाला आता समजुतीने म्हणाला. “कमीजास्त मी बघतो. तोवर चहा टाकतो, चालेल ना?”

दुकानातल्या बाईंनी त्याला ओळखले. हे त्याला नको होते. “संपलं ना?” त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात विजय नव्हता, हे तर आणखीच वाईट. “त्या लॉटची होती नव्हती ती सगळी काल एक जण घेऊन गेला. हा नवा लॉट. नाव तेच, नंबर तोच.” “फरक किती पडेल?” “एकोणीस-वीस.” “एकोणीस कुठलं आणि वीस कुठलं?” “ते भिंतीवर लागल्यावर कळतं,” बाई म्हणाल्या, आणि मग बहुधा त्याचा चेहरा पाहून त्यांनी जोडले, “चालवून घेतात हो माणसं. न्हाणीघरात कोण रंग बघत बसतंय?” तो सहा पाकिटे दोन पिशव्यांत विभागून चालत निघाला. दोन चौक, एक पादचारी पूल, पुढे चढाची गल्ली. पुलाच्या पायऱ्यांवर त्याला धाप लागली आणि तो कठड्याला टेकून थांबला. खाली वाहने गेली, पुन्हा गेली. दोन्ही हातांत सारखेच वजन असूनही डावा खांदा जास्त दुखत होता. पाच महिन्यांत इतक्या शांतपणे आपण कुठेच उभे राहिलो नाही, असे त्याच्या ध्यानात आले, आणि शांतपणे उभे राहिले की जे येते ते आले.

त्या सकाळीही घर शांत होते. तो टेबलाशी बसला होता, ‘थ’ची शेवटची प्रुफे समोर होती, आणि न्हाणीघरात पाण्याचा आवाज चालू होता. मोरीच्या जवळची ती जुनी गुळगुळीत लादी हलते असे ती सांगत होती. किती वर्षे सांगत होती, याचा तरी आकडा त्याने कधी काढला होता? मग एक आवाज झाला. किंकाळी नव्हे, जड खण झटक्यात लावावा तसा, बसका. आणि तिची हाक: “अरे, ऐकतोस का? जरा ये.” तो म्हणाला, “आलो.” मराठी माणूस जागचा न हलता ‘आलो’ म्हणतो, न केलेल्या क्रियेला भूतकाळ लावण्याची ही सोय त्याने एका परिसंवादात मोठ्या कौतुकाने उलगडून दाखवली होती, बोलणाऱ्याने क्रिया मनाने पूर्ण केलेली असते, वगैरे, आणि टाळ्या घेतल्या होत्या. मनाने तो गेला होता. बाकीचा तो टेबलाशी होता. तिने पुन्हा हाक मारली, तेव्हा तो “आलोच” म्हणाला, ‘च’ लावून. तिसरी हाक आली नाही, आणि तिसरी हाक आली नाही याचे त्याला त्या वेळी काय वाटले? बरे वाटले. हे त्याने डॉक्टरांना सांगितले नव्हते, मेहुणीला सांगितले नव्हते, स्वतःलाही आज या कठड्यापाशी पहिल्यांदा सांगितले. घर शांत झाले, वाक्य हाताशी आले, आणि त्याला बरे वाटले. प्रत्येक प्रूफ हाती घेतल्याची आणि खाली ठेवल्याची वेळ समासात टिपायची शिस्त त्यानेच कचेरीत लावली होती. तिची पहिली हाक आली तेव्हा नुकत्याच हाती घेतलेल्या कागदावर त्याच्या टोकदार अक्षरात लिहिलेले होते: नऊ दहा. नऊ बावन्न. तो कागद कपाटात होता, आणि कपाटाची किल्ली कुठे आहे हे विसरण्याचा त्याने पाच महिने मनापासून प्रयत्न केला होता.

घरी आला तेव्हा फरशीवाल्याने चहा झाकून ठेवला होता. नव्या पाकिटातली चिमूटभर भुकटी पाण्यात कालवून त्याने ती आखूड भिंतीवर, जिथे जुनी रेघ थांबली होती तिथून वीतभर पुढे ओढली, आणि दोघे मागे सरून पाहू लागले. फरक एकोणीस-वीसचा नव्हता. जुनी रेघ राखेच्या रंगाची. नवी जरा निळसर, गढूळ पाणी वाळल्यासारखी. “वाळलं की आणखी उठून दिसेल,” फरशीवाला म्हणाला. “दोन उपाय. एक, जेवढं भरलंय ते सगळं खरवडून काढायचं आणि नव्याने एकाच रंगात भरायचं. दोन दिवस जातील, आणि ताजं आहे म्हणून निघेल. पण लाद्यांच्या कडा दुखावतात. दुसरा उपाय, जिथे संपलं तिथून हे पुढे चालू. मग सांधा दिसणार. कायमचा दिसणार. पाहुणे विचारणार, कुणी केलं, आणि तुम्ही माझं नाव सांगणार.” “तुमचं मत काय?” “माझं मत विचारलंत हेच खूप झालं,” फरशीवाला हसला. “बाईंना विचारा. वापरायचं त्यांना आहे, तुम्हाला काय, तुम्ही त्या टेबलावरून उठतच नाही.” तो हे सहज बोलला होता आणि बोलून लगेच चहाकडे वळलाही होता.

त्याने आतल्या खोलीत जाऊन दार लोटले आणि फोन लावला. “बोल,” बायको म्हणाली. “बाथरूमचं काम चाललंय.” “कुठवर आलं?” “दीड भिंत. ग्राउट कमी पडलं.” त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. “मी चुकलो,” तो म्हणाला, आणि हे दोन शब्द तोंडातून बाहेर पडताना किती हलके आहेत याचे त्याला नवल वाटले; जणू आत कुणीतरी ते केव्हाचे सुटे करून ठेवले होते. “लादी केवढी?” “वीस बाय वीस.” “फट?” “तीन मिलिमीटर.” “खोली?” “नऊ.” “क्षेत्रफळ?” “अठरा.” ती पुटपुटू लागली. आकडे ती नेहमी ओठांत म्हणायची. स्वयंपाकघरात, रस्त्यात, झोपेतसुद्धा. “पावणेआठ. वर दहावा हिस्सा, म्हणजे साडेआठ, नऊच धर. तू किती आणलंस?” “तीन.” “खोली तीन धरलीस,” ती म्हणाली. चुकीच्या उत्तरावरून चूक कुठल्या पायरीवर झाली ते ओळखायला तिला कधीच वेळ लागत नसे. “हो.” “वरून दिसलं तेवढं धरलंस.” “हो,” तो म्हणाला. मग त्याने रंगाचे सांगितले, लॉटचे सांगितले, खरवडायचे की तसेच पुढे न्यायचे हे विचारले, आणि ती विचार करत असतानाच, तिचे उत्तर यायच्या आधी, म्हणाला, “बेचाळीस.”

“काय बेचाळीस?” तिने विचारले, पण आवाजावरून तिला कळले होते. “मिनिटं. नऊ दहाला तू हाक मारलीस. नऊ बावन्नला मी उठलो.” “लिहिलंयस कुठे?” “प्रुफाच्या समासात.” “आणि तेवढा वेळ काय करत होतास?” हे तिने रागाने विचारले असते तर सोपे गेले असते. “‘थिल्लर’ची नोंद बघत होतो,” तो म्हणाला. “कुठला अर्थ आधी घ्यायचा ते ठरत नव्हतं. उथळ पाणी की उथळ माणूस.” “मग काय ठरलं?” “पाणी आधी.” “बरोबर आहे,” ती म्हणाली. “पाणी आधीच होतं. मी त्यातच होते.” तिकडून एक आवाज आला, तो हसण्याचा होता की नव्हता हे त्याला नीट कळले नाही. “आणि ते छापलं का?” “नाही. काम बंदच पडलं ना.” “हं.” मग ती पुन्हा ओठांत आकडे पुटपुटली. “मी चव्वेचाळीस धरली होती,” ती अखेर म्हणाली. “पलीकडच्या शाळेची एक घंटा झाली, मग दुसरी झाली. तास पस्तीस मिनिटांचा असतो. घंटेच्या आधीचं थोडं, नंतरचं थोडं.” “तुला माहीत होतं?” “माहीत होतं.” “मग तीनतीनदा विचारत का होतीस?” “उत्तर मला येत होतं रे,” ती म्हणाली. “पेपर तुझा होता.”

तो पलंगाच्या कडेवर बसला. दारापलीकडे फरशीवाला कपबशी विसळत होता. “भिंतीचं सांगते,” ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज कामाचा झाला होता. “खरवडू नका काही. जिथे संपलं तिथून नव्याने भरा.” “फरक दिसेल.” “दिसू दे. उगीच त्या माणसाला दोन दिवस राबवू नकोस, आणि कडा फोडून ठेवाल ते वेगळंच.” “आणि रविवारी?” त्याने विचारले. हा प्रश्न त्याने पाच महिने जपून वापरला होता, आणि आज तो वापरून फाटल्यासारखा बाहेर पडला. “येईन,” ती म्हणाली. “अकरा वाजता ये न्यायला. गाडी मोठी बघ, मला पाय दुमडता येत नाही अजून.” खिशातल्या ग्राउटच्या पावतीवर त्याने ‘अकरा, मोठी गाडी’ असे लिहून घेतले. “पण एक आहे,” ती म्हणाली. “नीट ऐक. यापुढे मी हाक मारणार नाही.” “म्हणजे?” “म्हणजे मारणार नाही. पडले, अडले, काहीही झालं तरी. मला ते जमायचं नाही आता. राग नाहीये, खरंच नाही. बेचाळीस मिनिटांत एखादी गोष्ट माणसातून निघून जाते, ती निघून गेली, एवढंच. तुला कळलं तर तू ये. नाही कळलं तर नको येऊस.” “अगं, मी…” “चल. औषधाची वेळ झाली,” ती म्हणाली.

फोन तिने बंद केला नाही. तो कुठेतरी ठेवल्याचा आवाज झाला, लाकडावर, उताणा, आणि मग तिच्या उठण्याचा: खुर्ची करकरली, एक दमलेला उसासा, आणि मग चालताना धरायच्या त्या चौपायी आधाराचे रबरी पाय जमिनीवर टेकल्याचा बोदा ठोका. मग तिची दोन पावले, एक पुरे, एक ओढलेले. पुन्हा ठोका, पुन्हा दोन पावले. तिला त्या आधारासह चालताना त्याने अजून कधी ऐकले नव्हते. आवाज खोलीच्या दुसऱ्या टोकाकडे जाऊ लागला, आणि तो फोन कानावर इतका दाबून धरू लागला की कान दुखला. ठोका, दोन पावले. ठोका, दोन पावले. मध्येच आवाज थांबला. पुढचा ठोका आला नाही, पाऊल आले नाही, काहीच आले नाही. तिकडे कुठे पंखा फिरत होता तेवढा ऐकू येत राहिला. “सर,” बाहेरून फरशीवाला म्हणत होता, “काय ठरलं मग?” त्याने हात वर करून त्याला, बंद दारापलीकडच्या माणसाला, गप्प राहायची खूण केली. तो उठून उभा राहिला होता. कधी उठला ते त्याला कळले नव्हते. अर्धे शहर मध्ये होते, दोन नद्यांवरचे दोन पूल मध्ये होते, आणि तो श्वास रोखून, दाराच्या मुठीवर हात ठेवून, पुढचे पाऊल पडते का ते ऐकत उभा होता.